विहारात वाचलेलं परीक्षण

परभणीच्या थिएटरातला दारावरचा माणूस धम्मशीलेला चांगला ओळखतो. शुक्रवारी तीनच्या खेळाला ती दिसली की तिकीट फाडता फाडता म्हणतो, "मॅडम आल्या. आज कुनाचं तरी काही खरं न्हाई." ती हसते आणि मधल्या रांगेत कडेच्या खुर्चीवर जाऊन बसते.

कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी, पूर्णेहून रोजची रेल्वेची ये-जा, आणि जिल्ह्याच्या दैनिकात दर रविवारी सिनेमाचं परीक्षण, असा तिचा आठवडा असतो. परीक्षणात ती तारे देत नाही. संपादकांनी एकदा सुचवलं, तेव्हा ती म्हणाली, "सर, शाळेतसुद्धा आता नुसते मार्क देत नाहीत, शेरा लिहावा लागतो." शेरा मात्र ती कडक लिहिते. मागच्या महिन्यात एक मारधाडीचा मोठा सिनेमा आला होता. त्याबद्दल तिनं लिहिलं, 'नायक शंभर माणसं आडवी करतो आणि त्याच्या शर्टाची इस्त्री मोडत नाही. मारणाऱ्याला घाम येत नसेल तर मरणाऱ्याचं दुःख आपल्याला कसं व्हावं?' एका घरगुती मराठी सिनेमाबद्दल लिहिलं, 'या घरातली माणसं सारखी स्वयंपाकघरात उभी राहून बोलतात, पण तिथं एकदाही कुकरची शिट्टी होत नाही.' परभणीत लोक हे वाचून हसतात, काही जण चिडतात, आणि शेवटी सिनेमाला जायचं ते जातातच.

पूर्णेत मात्र तिचं परीक्षण कुणी वाचत नाही. तिथं ते ऐकतात.

रेल्वे लाइनीच्या पलीकडच्या तिच्या वस्तीत ही रीत फार जुनी आहे. पूर्वी वाचता येणारी माणसं दोन-तीनच होती. रविवारी बुद्धविहारात वंदना झाली की त्यांतलं कुणीतरी पेपर मोठ्यानं वाचायचं आणि बाकीचे मांडी घालून ऐकायचे. आता पोरंसोरं मोबाइलवर सगळं जग वाचतात, तरी रीत चालू आहे. आणि गेली कित्येक वर्षं हे वाचन करतात ते धम्मशीलेचे वडील, धम्मानंद.

धम्मांतराच्या पुढच्याच वर्षी जन्मले म्हणून आजोबांनी हे नाव ठेवलं. शाळा सातवीपर्यंत. मग रेल्वेत गँगमन. खांद्यावर पहार घेऊन रुळाची देखभाल करण्यात उमेदीची वर्षं गेली. लाइनवर 'गाडी आलीऽ' म्हणून लांबवर हाळी द्यायची सवय, त्यामुळं आवाज अजून खणखणीत. वाचताना बोट ओळीवरून फिरतं आणि प्रत्येक शब्द पूर्ण उच्चारतात. लेकीचं परीक्षण ते आधी कधीच वाचत नाहीत. "आधी वाचलं की तोंडाची चव जाती," म्हणतात. सगळ्यांबरोबर त्यांनाही ते तिथंच पहिल्यांदा कळायचं. मध्येच एखादी ओळ आवडली की थांबून चष्म्यावरून लोकांकडं बघायचे. त्या बघण्यात 'कुनाची पोरगी हाय?' हे लिहिलेलं असायचं.

या खेपेचा सिनेमा वेगळा होता. दिग्दर्शक आपल्याच समाजातला तरुण. गावाबाहेरची वस्ती, विहिरीवर पाणी भरलं म्हणून मार खाणारा बाप, जाळलेलं घर, आणि शेवटी गाव सोडून जाणारा मुलगा. राज्यभर त्याची चर्चा चालू होती. विहार समितीचा अध्यक्ष योगीराज यानं तर ठरवूनच टाकलं होतं की रविवारी वंदना आणि वाचन झालं की सगळ्या वस्तीनं दुपारच्या खेळाला परभणीला जायचं.

धम्मशीला नेहमीप्रमाणं शुक्रवारीच बघून आली. निवृत्तीनंतर बरेचदा वडील तिच्यासोबत येतात, तसे याही वेळी आले. विहिरीचा प्रसंग सुरू झाला तेव्हा शेजारून तिला आवाज आला. तिनं वळून पाहिलं तर धम्मानंद रडत होते. उपरण्याचा बोळा तोंडाशी धरलेला आणि खांदे हलत होते. तिनं त्यांना असं रडताना कधी पाहिलं नव्हतं. आई आजारी होती तेव्हाही नाही, नोकरीत पायाचं हाड मोडलं तेव्हाही नाही.

परतीच्या गाडीत ते खिडकीकडं तोंड करून बसले. तसेच बसून म्हणाले, "शीला, आपल्या मान्सावर एवढा मोठा सिनेमा निघाला. चांगलं लिही बरं."

तिनं पिशवीतून वही काढून मांडीवर ठेवली.

सिनेमा तिला खोटा वाटला नव्हता. तरी त्यात काहीतरी नव्हतं, आणि घरी येऊन लिहायला बसल्यावर ते काय हे तिला लख्ख कळलं. तिनं लिहिलं. खोडलं. पुन्हा तेच लिहिलं. शनिवारी सकाळी मजकूर पाठवून दिला आणि मगच आईला सांगितलं.

लक्ष्मीबाई जोंधळे निवडत होत्या. हात थांबवून म्हणाल्या, "अगं बाई. अन् उद्या वाचनार कोन?"

"बाबाच."

"मंग त्येला आधी सांग. चार लोकांत तोंडघशी पाडू नको माझ्या मान्साला."

संध्याकाळी धम्मानंद ओट्यावर सायकलच्या चाकात हवा भरत होते. ती जवळ जाऊन उभी राहिली.

"बाबा, उद्या दुसऱ्या कुणाला वाचायला सांगा."

"का? माझा आवाज बसलाय का?"

"तुम्हाला जे वाटलं ते मी लिहिलेलं नाही."

पंपाचा दांडा वरच्या वर राहिला. "वंगाळ लिवलं?"

"वंगाळ नाही. मला दिसलं ते लिहिलं."

त्यांनी हवा पूर्ण भरली, चाक दाबून बघितलं, पंप आत नेऊन ठेवला. रात्री जेवतानाही काही बोलले नाहीत. ते जेवताना बोलले नाहीत, अशी जेवणं त्या घरात क्वचितच झाली असतील.

रविवारी विहार भरून गेला होता. परभणीला जायचं म्हणून बायका ठेवणीतली पातळं नेसून आल्या होत्या. वंदना झाली. योगीराजनं पेपर आणून धम्मानंदांच्या हातात दिला आणि मोठ्यानं म्हणाला, "काका, आज जोरात होऊ द्या. शीलाताईनं आपल्या सिनेमावर लिवलंय."

धम्मशीला भिंतीला टेकून बसली होती. बाबा पेपर योगीराजला परत देतील, चष्मा विसरलो म्हणतील, काहीही करतील, असं तिला वाटत होतं. धम्मानंदांनी चष्मा पुसला, पान उलटलं आणि ओळीवर बोट ठेवलं.

"'या सिनेमात जे दाखवलं आहे ते घडलेलं आहे, आणि ते दाखवल्याबद्दल दिग्दर्शकाचे आभार मानले पाहिजेत,'" त्यांनी वाचलं. लोकांनी माना हलवल्या. "'पण अडीच तासांत या वस्तीतला एकही माणूस हसत नाही. कुणी कुणाची थट्टा करत नाही. जयंतीच्या मिरवणुकीत पुढं कोण नाचणार यावरून भांडत नाही. लग्नात भाजी कमी पडली म्हणून वरमाय रुसत नाही. इथली माणसं सकाळी उठतात ती फक्त मार खायला. दिग्दर्शकानं आपली जखम नीट पाहिली. माणूस पाहायचा राहून गेला.'"

कुजबुज सुरू झाली. योगीराजनं मान वर केली. धम्मानंदांचा आवाज ना चढला ना उतरला. बोट पुढं सरकत राहिलं.

"'या सिनेमातला बाप दिवसभर राबून घरी येतो आणि लेकराशी एक शब्द बोलत नाही. माझा बाप लाइनवरून यायचा तेव्हा त्याचे पाय सुजलेले असायचे. पण उंबऱ्यातूनच तो...'"

बोट थांबलं. त्यांनी ओळ पुन्हा सुरू केली, "'पण उंबऱ्यातूनच तो...'" आणि पुन्हा तिथंच अडले. मग पेपर तसाच लेकीकडं धरला. "पुढचं तू वाच."

धम्मशीला उठून गेली. तिचा आवाज वडिलांसारखा नाही, बारीक आहे. तिनं वाचलं, "'पण उंबऱ्यातूनच तो मोठ्या साहेबाची नक्कल सुरू करायचा. साहेब कसा चालतो, शिंक आली की टोपी कशी सावरतो. आम्ही हसून हसून घास विसरायचो. त्या हसण्यावर आम्ही वाढलो. तो बाप या सिनेमात नाही, म्हणून हा सिनेमा मला अर्धा वाटतो.'"

मग योगीराज उभा राहिला. तो वाईट माणूस नाही, पण मनात ठेवत नाही.

"ताई, राग मानू नका. इतकी वर्सं आपल्याला कुनी पडद्यावर घेतलंच न्हाई. आता कुठं एक सिनेमा आला, तर आपल्याच घरातून त्याला नावं? दुसरे लोक काय म्हनतील? 'बघा, ह्यांचं ह्यांनाच पटंना.'"

"योगीराजदादा, तो आपला आहे म्हणूनच लिहिलं. परक्याचा असता तर दोन ओळींत सोडून दिला असता."

"पन काका बघताना रडले म्हनं, थेटरातल्या आपल्या पोरांनी बघितलं. खरं का न्हाई, काका?"

सगळ्यांचे डोळे धम्मानंदांकडं वळले. त्यांनी चष्मा काढून हातात घेतला.

"रडलो. लय रडलो," ते म्हणाले. "पन का रडलो ते हिला ठाऊक न्हाई. म्या कदी सांगितलंच न्हाई तर ती लिवनार कुठून?" त्यांनी चष्मा मिटून खिशात ठेवला. "माझ्या बापाला विहिरीवर मारलेलं म्या बघितलंय. हितं न्हाई, आमच्या जुन्या गावाला. मी लहान होतो. त्या दिसापासून माझा बाप घरात बोलला न्हाई. मरोस्तोवर. सिनेमातला बाप बोलत न्हाई ना, तस्साच. मी तवाच ठरिवलं, आपल्या घरात असं मुकं बसायचं न्हाई. सायबाची नक्कल काय मला लय येत होती व्हय? लायनीवर काय काय ऐकावं लागायचं ते लेकरांना कळू नये म्हनून करायचो."

लक्ष्मीबाईंनी पदर डोळ्यांना लावला. त्यांना हे ठाऊक असावं.

"हिनं लिवलं ते खोटं न्हाई," धम्मानंद योगीराजला म्हणाले. "ते छापून आलंय, ऱ्हाऊ दे. आता चला, गाडी चुकंल."

वस्ती गेली. काही जण धम्मशीलेशी बोलले, काही मुद्दाम बोलले नाहीत. थिएटरात ती वडिलांच्या शेजारी बसली. सिनेमा तोच होता आणि तिचं मतही तेच राहिलं; अजूनही त्यात कुणी हसत नव्हतं. पण विहिरीचा प्रसंग आला तेव्हा ती पडद्याकडं बघू शकली नाही. तो न बोलणारा बाप तिला आता परका राहिला नव्हता. त्याच्यामुळंच तिनं सिनेमाला अर्धा म्हटलं होतं, आणि तो तिचा आजोबा होता. धम्मानंद या वेळी रडले नाहीत. दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून ताठ बसून राहिले.

परतीच्या पॅसेंजरमध्ये वस्तीची माणसं डबाभर पसरली. पोरं सिनेमातले संवाद म्हणत होती. पिंगळी स्टेशन आलं आणि गेलं. धम्मशीलेनं वडिलांच्या हातावर हात ठेवला.

"बाबा, आजोबांचं सांगा. पहिल्यापासून."

"लिवनार का तू?"

"नाही. मला ऐकायचंय."

धम्मानंदांनी खिडकीबाहेरच्या हळदीच्या शेतांकडं एकदा बघितलं. मग नक्कल न करता, कुणाला हसवायचा प्रयत्न न करता, सांगू लागले. आजोबांचं नाव काय होतं, गावातलं घर कुठल्या तोंडाचं होतं, त्या दिवशी पाणी आणायला कोण निघालं होतं. मिरखेल मागं पडलं तरी सांगणं संपलं नव्हतं. पूर्णेला सगळे उतरले, फलाट रिकामा झाला. लक्ष्मीबाई पुढं होऊन मागं वळल्या. बापलेक फलाटावरच्या बाकावर बसलेले त्यांना दिसले. त्यांनी हाक मारली नाही. त्या परत आल्या आणि नवऱ्याच्या दुसऱ्या बाजूला बसल्या.