मावशीची गाडी पास होते

जगात कोणतीही वस्तू जुनी होत नाही, माणसं फक्त तिच्याकडे बघायचं सोडतात, असं माझी मावशी मानते. आणि तिच्या या श्रद्धेने मला जितके धक्के दिलेत तितके बडोद्याच्या रस्त्यांनीही दिलेले नाहीत. मावशी शाळेत विज्ञान शिकवायची. लग्न केलं नाही, गाडी घेतली. दांडिया बाजारातल्या आमच्या सगळ्या नातलगांत स्वतःच्या पगारातून गाडी घेणारी ती पहिली बाई, आणि सत्तरी उलटल्यावरही तीच गाडी चालवणारी बहुधा शेवटची. कोथिंबीर आणायला निघालेली मावशी पार तीस किलोमीटरवरच्या डभोईहून परत येते. "आता रिक्षाने फिरत जा," असं मी एकदा सुचवलं, तर म्हणाली, "रिक्षावाला बसायच्या आधीच विचारतो, कुठे जायचंय. मला ते आधी ठाऊक नसतं."

तर या गाडीच्या नोंदणीची मुदत संपत आली. आरटीओच्या साहेबांनी तपासून पास केली तर पुढची पाच वर्षं रस्त्यावर, नाहीतर थेट भंगारात. ओळखीच्या गॅरेजवाल्याने आपला सल्ला देऊन टाकला, "माशी, हवे आने भंगारमां आपी दो." मावशी शांतपणे म्हणाली, "तारा बापा पण जूना थया. एमने आपी आव्यो?" स्वतःच्या म्हाताऱ्या बापाला तू देऊन आलास का, या प्रश्नानंतर गॅरेजचा विषय संपला आणि गाडीची तयारी घरीच सुरू झाली.

मी निजामपुऱ्यातल्या माझ्या घरून तिच्याकडे गेले तेव्हा दारातच थबकले. गाडीच्या पुढच्या दोन्ही सीटा दिवाणखान्यात होत्या, आणि त्यातल्या एकीवर शेजारच्या काकू बसून चहा पीत होत्या. मी नमस्कार करते न करते तोच मावशीने खाली हात घालून खटका ओढला आणि काकू कपबशीसकट आडव्या झाल्या. "बघ, अजून चालतो," मावशी मला म्हणाली. स्वयंपाकघरात पुरणाच्या परातीत रॉकेल ओतून तिने स्पार्क प्लग भिजत घातले होते. हेडलाइटच्या पिवळ्या पडलेल्या काचा ती दात घासायची पेस्ट लावून घासत होती, आणि दुसरी पेस्ट घरात नव्हती, हे मला संध्याकाळी कळलं. वायरींचं काम तिने स्वतः केलं होतं. त्यामुळे हॉर्न दाबला की वायपर फिरत. दुपारभर खपून तिने तेही सरळ केलं.

मग हँडब्रेक. फाटकापाशी उतार आहे, तिथे तिने गाडी चढावर उभी केली, मला मागे उभं राहून दिवे लागतात का ते बघायला सांगितलं, आणि ब्रेक ओढून, इंजिन बंद करून खाली उतरून माझ्याशेजारी येऊन उभी राहिली. तिथे आपण का उभ्या आहोत हे लक्षात यायला मला जरा वेळ लागला.

"मावशी, ब्रेक लागला नसता तर?"

"म्हणून तर मीही आले. तुला एकटीला कशी उभी करू?"

तपासणीच्या दिवशी मी सोबत गेले. साहेब वयाने आमच्याहून लहान, कामाच्या गर्दीत होते. त्यांनी दिवे पाहिले, हॉर्न वाजवला, गाडीभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाले, "बराबर छे माशी, पास." मी सुटकेचा श्वास घेतला. तेवढ्यात मावशीचा आवाज आला, "साहेब, हँडब्रेक तो तमे जोयो ज नथी."

साहेबांनी हँडब्रेक पाहिलाच नाही, हे ती स्वतःहून सांगत होती. मी तिचा पदर ओढला. तिने तो सोडवून घेतला. साहेबांनी तिच्याकडे नीट पाहिलं, गाडी आमच्या फाटकापेक्षा उभ्या चढावर घेतली, ब्रेक ओढला, आणि माझ्या डोळ्यांदेखत गाडी हळूहळू, अगदी सावकाश, मागे सरकली. नापास. दुरुस्त करून पुन्हा आणा.

वाटेत मी खूप बोलले. मावशी पुढे बघत गाडी चालवत होती. "उद्या गाडीच्या मागे कुणी उभं असलं तर?" एवढंच म्हणाली.

तिने ब्रेकची केबल नवी घातली, आणि पुढच्या खेपेला त्याच साहेबांनी सगळ्यात आधी हँडब्रेक तपासला. गाडी पास झाली. बाहेर आल्यावर मी म्हटलं, "चला, पाच वर्षांची निश्चिंती."

"गाडीची," मावशी म्हणाली. तिने थोडा वेळ गाडीकडे पाहिलं आणि किल्ली माझ्यापुढे धरली. "घरापर्यंत तू ने."

मला पुन्हा धक्का बसला, पण हा वेगळा होता. इतक्या वर्षांत तिने ही किल्ली कुणाला दिली नव्हती. ती वळसा घालून डाव्या बाजूला गेली, बसली, आणि पट्टा कुठल्या खांद्यावरून घ्यायचा ते तिला पटकन सापडेना. मी लावून दिला. दांडिया बाजारात गर्दी होती, गाडी मुंगीच्या पावलांनी चालली होती. मला वाटलं आता सूचना सुरू होतील. पण मावशी काच खाली करून बाहेर बघत बसली होती. मिठाईचं दुकान, देवळाची पायरी, फुलवाल्यांच्या टोपल्या. बऱ्याच वेळाने म्हणाली,

"हे सगळं इतकं जवळ आहे होय गं? मी आपली कायम रस्त्याकडेच बघत राहिले."

मी गाडी आणखी हळू केली.