तीन नंबर हिरवा आहे

आमच्या केबिनच्या खणात दोन गोष्टी साठत जातात. सेन्सरच्या संपलेल्या बॅटऱ्या आणि किस्से. दोन्ही टाकायचे कुठे ते कंपनीने कधी सांगितलं नाही, म्हणून पडून राहतात. परवा खण आवरायला काढला. बॅटऱ्या कदमांच्या हवाली केल्या, किस्से तुमच्या करते.

आधी काम काय ते सांगते, नाहीतर काही कळायचं नाही. खेडजवळ लोट्याला एका केमिकल कंपनीत मी आहे. चालू मशीन थरथरतं. किती थरथरतं यावरून आत काय बिघडत चाललंय ते ओळखता येतं. म्हणून मशीनला सेन्सर चिकटवायचे, त्यांचे आकडे सॉफ्टवेअरमध्ये घ्यायचे आणि रोज सकाळी रिपोर्ट काढायचा. सगळं ठीक असेल तर हिरवा, लक्ष द्या म्हणायचं असेल तर पिवळा, बंद करा म्हणायचं असेल तर लाल. एवढंच. सासूबाई शेजारी सांगतात, "सून कंपनीत मशीनं हलवते." मी दुरुस्त करायचं सोडून दिलंय.

केबिनमध्ये माझ्यासोबत कदम, जुने इलेक्ट्रिशियन. वर आमचे प्लांट हेड. त्यांना सगळे नुसतं साहेब म्हणतात. मीही साहेबच म्हणेन, नाव घेतलं की माझा दिवस खराब जातो.

*

सॉफ्टवेअर आलं तेव्हा पुण्याहून एक मुलगा ते बसवायला आला होता. कॉन्फरन्स रूममध्ये हा भलामोठा टीव्ही लावला. साहेबांनी नारळ फोडला, मुलाने बटण दाबलं आणि भिंत लालभडक झाली. निम्मी मशीनं लाल, उरलेली बरीचशी पिवळी.

साहेब म्हणाले, "बिघडलंय हे."

मुलगा आनंदाने म्हणाला, "नाही सर, मशीनं बिघडलीत. सॉफ्टवेअर एकदम छान चाललंय!"

साहेबांनी विचारलं, "रंग बदलता येतात का?"

आम्ही हसलो. आम्हाला वाटलं, माणूस विनोदी आहे. मुलाने मात्र इमानदारीत सांगून टाकलं, की येतात. किती थरथरलं की पिवळं आणि किती थरथरलं की लाल, हे लिमिट आपणच भरायचं असतं. ते बदललं की रंग बदलतो. फक्त पासवर्ड जबाबदार माणसाकडे ठेवा, तो म्हणाला.

पासवर्ड साहेबांकडे गेला. संध्याकाळपर्यंत भिंत हिरवीगार झाली.

*

आता तीन नंबर. आमच्याकडे सेंट्रीफ्यूज आहेत. म्हणजे एक मोठं भांडं गरगर फिरतं, ओल्या मालातलं पाणी बाहेर फेकतं, आणि मागे राहिलेला माल ऑपरेटर हाताने खरवडून काढतो. तीन नंबरच्या सेंट्रीफ्यूजचं बेअरिंग गेलेलं होतं. त्याच्याशी दिवसभर उभा असायचा वसंत.

वसंत मंडणगडकडचा, खेडला खोली घेऊन राहायचा. गावात जाखडीच्या नाचाला मृदंग वाजवायला तोच. मी संगमेश्वरची, त्यामुळे मला मॅडम वगैरे न म्हणता बाय म्हणायचा. आमच्याकडे घरच्या मुलीला म्हणतात तसं.

दसऱ्याला मशीनांची पूजा असते. त्या वर्षी भटजींनी तीन नंबरच्या झाकणावर नारळ ठेवला. नारळ घरंगळून खाली. पुन्हा ठेवला, पुन्हा खाली. भटजी म्हणाले, "पूजेपुरतं यंत्र बंद करा, नारळ ठरत नाही."

साहेब म्हणाले, "बॅच चालू आहे. तुम्ही धरून ठेवा."

भटजींनी सगळे मंत्र एका हाताने नारळ धरून म्हटले. शेंडीपासून जानव्यापर्यंत माणूस थरथरत होता. आरती झाल्यावर वसंतने त्यांना हळूच विचारलं, "भटजी, मुंग्या आल्या का हाताला?"

भटजी म्हणाले, "आल्या रे."

"मना रोज येतात," वसंत म्हणाला आणि प्रसाद घेऊन पुन्हा तीन नंबरला जाऊन उभा राहिला.

*

रोज सकाळी माझा रिपोर्ट मेलने वीसेक लोकांना जायचा. प्लांट, मेंटेनन्स, परचेस, हेड ऑफिस. तीन नंबरच्या खाली शेऱ्याच्या रकान्यात मी लिहायची, "रंगावर जाऊ नका, बेअरिंग बदला." रोज तेच वाक्य. कुणाचं हूं नाही की चूं नाही.

शेवटी वैतागून मी त्या रकान्यात कुळथाच्या पिठल्याची कृती लिहायला घेतली. रोज एक ओळ. एके दिवशी लसूण ठेचला, एके दिवशी कुळीथ पीठ पाण्यात कालवलं, एके दिवशी दोन आमसुलं टाकली. पिठलं शिजून खाली उतरलं तरी कोणी बोलेना. कदम म्हणाले, "आता भात टाका."

भात टाकायच्या दिवशी उत्तर आलं. परचेसमधून. मी अक्षरशः खुर्चीतून उठले, म्हटलं कोणीतरी वाचतंय.

लिहिलं होतं, "कुळीथ पिठासाठी तीन कोटेशन जोडावीत."

बेअरिंगसाठीही त्यांनी हेच लिहिलं होतं. तीन कोटेशन. दोन आली होती. तिसरं कोणी द्यायला तयार नव्हतं, कारण ते बेअरिंग दोघांकडेच मिळतं.

*

पुढच्या वर्षी गणपतीच्या आधी वसंत केबिनमध्ये आला. जाखडीची तालीम सुरू झाली होती. म्हणाला, "बाय, मृदंगावर हात पडतो, पन बोटांना कळतच नाय. पोरं म्हणतात, दादा ठेका चुकतंय."

मी त्याला तिथेच बसवलं आणि ग्राफ घेऊन साहेबांकडे गेले. म्हटलं, आता हे मशीन बंद करा, आज ना उद्या ते जागा सोडणार आणि त्याच्याशी माणूस उभा आहे. साहेबांनी ग्राफ उलटा धरून बघितला, सुलटा धरून बघितला.

"रिपोर्टला काय रंग आहे?"

"पिवळा. जुन्या लिमिटने लाल."

"जुनं लिमिट कशाला काढता?" त्यांनी कॉम्प्युटर पुढे ओढला आणि पासवर्ड टाकून लिमिट आणखी वर नेलं. "झाला हिरवा. आता त्याला सांगा, मशीन हिरवं आहे. उगाच घाबरवू नका माणसांना."

पुढे मी हे वरपर्यंत मेलवर कळवलं. कोणाचं उत्तर नाही, परचेसचंसुद्धा नाही. साहेबांकडून निघून केबिनमध्ये आले तर वसंत स्क्रीनकडे बघत बसलेला. त्याच्यासमोरच तीन नंबर पिवळ्याचा हिरवा झाला होता.

त्याने आपला उजवा हात माझ्या टेबलावर ठेवला. "बाय, ह्यो हात पन घाल ना त्याच्यात. हिरवा झाला तर बरा वाजवंल."

मला त्या दिवशी साहेबांच्या डोक्यात कॉम्प्युटर घालावासा वाटला होता. अजून वाटतो.

*

गणपतीत आमच्याकडे कंपनी चालवायची म्हटलं तरी चालत नाही. माणसंच नसतात. सगळा प्लांट बंद, गेटवर वॉचमन आणि त्याचा रेडिओ. पण सॉफ्टवेअर बंद करायचं कोणाच्या लक्षात आलं नाही. ते बिचारं रोज सकाळी बंद मशीनांचा रिपोर्ट काढून पाठवत राहिलं. मशीन चालू आहे की बंद, हे ओळखणारा भाग आम्ही विकत घेतला नव्हता. बंद मशीन थरथरत नाही, म्हणजे हिरवं.

सुट्टीवरून आलो तर कॉन्फरन्स रूममध्ये पेढे. हेड ऑफिसने अभिनंदन कळवलं होतं. मशीनांची तब्येत इतकी उत्तम यापूर्वी कधीच नव्हती म्हणे. साहेबांनी भाषण केलं.

मी उठून म्हटलं, "साहेब, प्लांट बंद होता."

साहेब म्हणाले, "ते रिपोर्टमध्ये कुठे दिसतं?"

वसंतने दोन पेढे घेतले. एक खाल्ला, एक तीन नंबरच्या झाकणावर ठेवला. म्हणाला, "अभिनंदन त्याचाच हाय."

*

आता सांगते तो किस्सा नाही, पण ते सांगितल्याशिवाय पुढचं सांगता येत नाही.

पेढ्यांनंतर फार दिवस गेले नाहीत. भर दुपारी, जेवणाच्या सुट्टीच्या जरा आधी, तीन नंबरच्या पायातला बोल्ट तुटला. फिरतं भांडं जागा सोडून उसळलं. वसंतचा उजवा हात झाकणात होता. मनगटापासून गेला.

मी आवाज ऐकला. केबिनमधून पळाले तेव्हा वाटेत कॉन्फरन्स रूममधल्या टीव्हीवर माझी नजर गेली, जायला नको होती. तीन नंबर हिरवा होता.

चौकशीला हेड ऑफिसची माणसं आली. मी जुने ग्राफ काढले, पाठवलेले मेल काढले, लिमिट कोणी कधी वाढवलं तेही काढलं. त्यातल्या एकाने सगळं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "अपघाताच्या वेळी रंग कोणता होता?"

"हिरवा. पण तो..."

"मग मशीनचा दोष धरता येत नाही," ते म्हणाले. निष्कर्ष असा निघाला, की ऑपरेटरचा हात चुकीच्या ठिकाणी होता.

*

कंपनीने मन मोठं करून वसंतला हलकं काम दिलं. कुठे, तर माझ्या केबिनमध्ये. रोज सकाळी रिपोर्टचं बटण दाबायचं आणि कागद साहेबांच्या टेबलावर नेऊन ठेवायचा. डाव्या हाताने जमतं, साहेब म्हणाले.

तीन नंबर उचलून गोडाऊनच्या मागे भंगारात टाकला होता. त्याच्यावरचा सेन्सर काढायचा राहिला. त्यामुळे तो रिपोर्टमध्ये रोज यायचा. भंगार कशाला थरथरतंय? हिरवा, आणि सगळ्यांत वरच्या नंबरावर. वसंत रोज तो कागद छापायचा, वाचायचा आणि नेऊन ठेवायचा.

मी साहेबांना म्हटलं, निदान हे नाव तरी काढू द्या. त्या माणसाला रोज बघावं लागतं.

साहेब म्हणाले, "असू दे. त्याने सरासरी चांगली येते."

वसंत दारातच उभा होता. कागद ठेवून गेला.

*

गेल्या महिन्यात हेड ऑफिसचे पाहुणे आले. कोकम सरबत झालं, काजू झाले, साहेब टीव्हीसमोर उभे राहिले. मी मागच्या खुर्चीत. भिंतीकडे पाठ करून साहेब म्हणाले, "बघा. एवढा मोठा प्लांट, पण एक लाल दाखवा मला."

पाहुण्यांपैकी एकाने बोट दाखवलं. "ते काय?"

साहेब वळले. तीन नंबर लाल होता. नुसता लाल नाही, उघडझाप करणारा लाल, जो आमच्याकडे त्या पहिल्या दिवसानंतर कोणी बघितलाच नव्हता. आकडा इतका वर, की साहेबांचं वाढवलेलं लिमिटही खाली राहिलं होतं.

माणसाचा चेहरा पांढरा पडतो म्हणजे काय, ते मी तेव्हा बघितलं. साहेबांनी झडप घालून फोन उचलला आणि कंट्रोल रूमला ओरडून सांगितलं, "तीन नंबर बंद करा! आत्ताच्या आत्ता! बॅच गेली खड्ड्यात, आधी माणूस मागे घ्या!"

फोनचा स्पीकर चालू होता. पलीकडे कदम होते. ते म्हणाले, "साहेब, कुठला तीन नंबर?"

मी उठले आणि गोडाऊनच्या मागे गेले.

वसंत एका पालथ्या ड्रमवर बसला होता. समोर तीन नंबर, गवतात आडवा. डाव्या हातात पाना. सेन्सर मध्ये मध्येच आकडा घेतो, हे त्याला केबिनमध्ये बसून माहीत झालं होतं, म्हणून तो न थांबता वाजवत होता. जाखडीचा ठेका. चुकत नव्हता.

"कधीपासून बसलायस?" मी विचारलं.

"चहा झाल्यापासून." हात चालूच होता. "साहेब काय बोलले?"

"बंद करा म्हणाले. बॅच गेली खड्ड्यात, आधी माणूस मागे घ्या म्हणाले."

"असं बोलले?"

"असंच."

वसंतने मान हलवली. "बरं. साहेबच बोलले तर करतो बंद," तो म्हणाला आणि त्याने पाना खाली ठेवला.