बहात्तर लिटरचं खोकं

खोकी भरणं हा माझा व्यवसाय आहे. बोईसरच्या एका कारखान्यात चोवीस वर्षं मी पुठ्ठ्याची खोकी भरतो, त्यामुळे घरात कुणी साधा डबा भरायला घेतला तरी मी सल्ला देतो (मागितला नसला तरी).

लेकीचं लग्न ठरलं आणि तिच्या सासरच्या पंचवीस माणसांना आम्ही पालघरला जेवायला बोलावलं. मासळी माझ्या सासुरवाडीहून, दातिवऱ्याहून आणायची होती. पहिलंच जेवण, मासा शिळा निघाला असता तर पोरीला जन्मभर ऐकावं लागलं असतं.

जेवणाच्या दिवशी सकाळी मी आणि बायको तिथे पोहोचलो, तशी सासूबाईंनी थर्माकोलचं खोकं पुढे सरकवलं. "बारा किलो मासा, बारा किलो बरफ. बस."

मी टेप काढली. साठ, चाळीस, तीस सेंटिमीटर. "बहात्तर लिटर," मी जाहीर केलं. "किलोला लिटर धरा. तुमचे चोवीस म्हणजे खोकं जेमतेम तेहतीस टक्के भरणार. बाकी हवा न्यायची का?"

"जावयबापू, मी जलमभर हीच खोकी भरते."

"म्हणूनच," मी म्हणालो (काय ही हिंमत!), आणि तीस किलो पापलेट, तीस किलो बर्फ घेतला. त्र्याऐंशी टक्के. उरलेली जागा मासे अवघडू नयेत म्हणून ठेवली.

खोकं नुसत्या पापलेटांनीच काठोकाठ भरलं. बर्फ सगळा बाहेर. मी झाकणावर बसून पाहिलं, तर झाकणच मोडलं.

बायकोने शांतपणे टेप खोक्याच्या आत घातली. थर्माकोल सगळीकडून पाच सेंटिमीटर जाड. "पन्नास, तीस, वीस. अहो, हे तीस लिटरचंच आहे." पुठ्ठा इतका पातळ असतो, की आतून मोजायची मला कधी गरजच पडली नव्हती.

ऊन चढलं, बर्फ वितळायला लागला, आणि झाकणाशिवाय आता बारा किलो मासाही पालघरपर्यंत टिकला नसता. लेकीचा फोन आला, "बाबा, निघालात ना?" मला खरंच रडू यायला लागलं.

सासूबाईंनी फोन माझ्या हातातून घेतला. "पोरी, पावन्यांना इथंच आन. मासा हालनार नाय."

पंचवीस माणसं दातिवऱ्याला आली, अंगणात बसली आणि इतकं ताजं पापलेट जन्मात खाल्लं नाही म्हणत पुन्हा पुन्हा वाढून घेत राहिली. लेकीचा हसरा चेहरा बघून माझ्या जिवात जीव आला.

तेवढ्यात व्याह्यांनी विचारलं, "आमच्या गच्चीवरच्या टाकीत पाणी किती मावत असेल हो?"

मी टेप शोधायला उठणार, तोच बायको, लेक आणि सासूबाईंनी एकदम माझ्या ताटात एकेक पापलेट टाकलं. माझं तोंड किती माशांनी भरतं, हे त्या तिघींनी टेप न लावता अचूक ओळखलं होतं.