अजिनाथ पडत नाही

भिंगारमध्ये अजिनाथ पालवेचं नाव काढलं की निम्मे लोक अजूनही विचारतात, "कोण, तो पिक्चरमधला खंडू का?" माझं डोकं तिथेच फिरतं. माणूस आठ वर्षं व्यावसायिक फुटबॉल खेळतोय, त्यावर घर चालवतोय, आणि लोकांना आठवतं ते त्याचं नऊ वर्षांचं तोंड. मी त्याचा शाळेतला खेळाचा मास्तर. आता निवृत्त झालोय, रागवायला पोरं उरली नाहीत, म्हणून लोकांवर रागावतो.

पालवे मूळचे पाथर्डी तालुक्यातले. गहिनीनाथ आणि मनकर्णाबाई, नवरा-बायको दोघंही ऊसतोडीला जायचे. दिवाळी झाली की बिऱ्हाड बैलगाडीत, ते उन्हाळा लागेपर्यंत कारखान्याच्या आवारात. अजिनाथ नऊ वर्षांचा असताना त्यांच्या तळावर पिक्चरवाले आले. ऊसतोड्यांच्या पोराची गोष्ट होती. तो पोरगा, खंडू, उसाच्या भरल्या गाडीवरून पडून मरतो. शहरातून आणलेला मुलगा गाडीवर चढायलाच तयार होईना. दिग्दर्शकाने आजूबाजूला पाहिलं तर अजिनाथ गाडीच्या टोकावर बसून ऊस खात होता. त्याला पाचटावर, उसाच्या वाळल्या पाल्याच्या ढिगावर, चौदा वेळा पाडला. चौदाव्या वेळी कॅमेरावाल्याच्या डोळ्यांत पाणी आलं म्हणतात.

पिक्चर बऱ्यापैकी चालला. गावच्या जत्रेत अजिनाथचा सत्कार ठेवला. फेटा, शाल, नारळ सगळं झालं आणि पाहुणे माइकवर म्हणाले, "बाळ, एकदा पडून दाखव." फेटा बांधलेलं ते पोर स्टेजवर पडलं. मांडव टाळ्यांनी दणाणला. पुढे दोन-तीन वर्षं लग्न असो की बारसं, त्याला कुणी ना कुणी पडायला लावायचंच. आपल्याकडे कौतुकाची एक पद्धत आहे, ज्याचं कौतुक करायचं त्याला पिळून घ्यायचं.

पिक्चरनंतरच्या वर्षी गहिनीनाथला भिंगारमध्ये एका मैदानावर माळीकाम मिळालं आणि ऊसतोड सुटली. गवताला पाणी द्यायचं, सामन्याच्या दिवशी सकाळी पांढऱ्या फक्कीने रेषा ओढायच्या. अजिनाथ बापामागे फक्कीचं घमेलं घेऊन फिरायचा आणि रेषा ओढून झाल्या की त्याच मैदानावर फुटबॉल खेळायचा. सहावीत माझ्या हाताखाली आला तेव्हा त्याचा डावा पाय मोठ्या पोरांनाही आवरत नव्हता. मी घरी जाऊन बायकोला सांगितलं, सोन्याची खाण सापडली.

आता माझी करणी सांगतो. जिल्ह्याच्या चौदा वर्षांखालच्या स्पर्धेची फायनल, नगरला. बरोबरी, शेवटची पाच मिनिटं. मी अजिनाथला रेषेजवळ बोलावलं आणि म्हणालो, "गोलसमोरच्या चौकटीत शिरलास की पिक्चरमधल्यासारखा पड." त्याने मोजे वर ओढले. मग गेला आणि पडला. कुणी हात लावला नव्हता, पण असा पडला की रेफरीने स्वतः धावत येऊन त्याला पाणी पाजलं. पेनल्टी मिळाली, आम्ही जिंकलो, शाळेत पेढे वाटले. मला त्या दिवशी जराही लाज वाटली नाही, हेही लिहून ठेवतो.

लाज पुढे हप्त्याहप्त्याने आली. गोष्ट जिल्हाभर पसरली. अजिनाथ मैदानात उतरला की बाहेरून हाकारे सुरू, "नौटंकी आली." समोरच्या पोरांनी ओळखलं की याला कितीही लाथा घाला, शिट्टी वाजणार नाही. मग काय, खुशाल घालायचे. सतराव्या वर्षी पुण्याच्या एका क्लबने त्याला चाचणीला बोलावलं. सरावाच्या सामन्यात एकाने त्याच्या नडगीवर बूट मारला, हाड दिसेल इतकं कातडं फाटलं. अजिनाथ खाली पडला तर रेफरीने नाटक केलं म्हणून पिवळं कार्ड दाखवलं आणि क्लबचा प्रशिक्षक म्हणाला, "ऊठ, इथे कॅमेरा नाही." संध्याकाळच्या गाडीने पोरगा परत.

दुसऱ्या दिवशी तो मैदानावर आला. पायाला पट्टी. मला एका शब्दाने दोष दिला नाही, दिला असता तर बरं झालं असतं. म्हणाला, "सर, माज्या पडन्यावर आता कुनाचा इश्वास न्हाई. मग मी पडनारच न्हाई."

मी त्याला समजावलं. धावत्या माणसाला पाय लागला की तो पडणारच, त्यात कुणाचं काही चालत नाही. मनकर्णाबाई गहिनीनाथचा डबा घेऊन आल्या होत्या. त्यांनी ऐकलं आणि मला म्हणाल्या, "सर, फळीवर पडून भागतं का?"

मला कळेना. मग त्यांनी सांगितलं. तोडलेल्या उसाची मोळी डोक्यावर घ्यायची आणि वीतभर रुंदीच्या फळीवरून ट्रकमध्ये चढायचं. फळी हलते, पुढचा माणूस मध्येच थांबतो, मागचा ढकलतो. पडलं तर मोळी अंगावर आणि फळी मागच्याच्या पायावर. "बारा वरसं चढले. पोटात ह्यो होता तवाबी चढले. येकदाबी पडले न्हाई."

त्याच आठवड्यात गहिनीनाथने मैदानाच्या कडेला दोन दगडांवर फळी टाकली. अजिनाथच्या डोक्यावर ओल्या गवताचा भारा. मनकर्णाबाई शेजारून चालायच्या आणि मनाला येईल तेव्हा कोपराने ढोसायच्या. "पायाकडं बगू नगं, पुढच्या दोन पावलांवर बग. गुडगा ताठ ठिवू नगं. धक्का आला तर त्याच्यासंगं जा, त्याच्याशी भांडू नगं." मी चाळीस वर्षं खेळात घालवली, पुण्यात जाऊन शिबिरं केली, पण गुडघा कधी सोडायचा हे मला त्या बाईने शिकवलं. पहिले तीन महिने तो दिवसातून वीस वेळा पडायचा. सहा महिन्यांनी भारा उतरवला आणि मी दोन दांडगी पोरं त्याच्या अंगावर सोडली. ती शर्ट ओढायची, खांदा मारायची. वर्ष सरता सरता ती दोघं पडायची आणि अजिनाथ चेंडू घेऊन पुढे.

पुण्याच्या त्याच क्लबने दुसऱ्या खेपेला त्याला घेतलं. दोन वर्षांनी गोव्याच्या क्लबने करार केला. गावाकडच्या मंडळींनी एस. टी. स्टँडजवळ अभिनंदनाचा फ्लेक्स लावला. त्यावर फोटो उसाच्या गाडीवरचा आणि खाली नाव 'आपला लाडका खंडू'. मी स्वतः जाऊन भांडलो. ते म्हणाले, "सर, याच फोटोत तो चांगला दिसतोय."

तिकडे खेळणाऱ्यांना मात्र त्याची ओळख वेगळी झाली. मागून लाथ बसली तरी अडखळायचा, सावरायचा, धावत राहायचा. यात त्याचं नुकसान फार झालं. पडला असता तर पेनल्टी मिळाली असती अशा जागी तो उभा राहायचा आणि तोवर चेंडू गेलेला असायचा. क्लबचे लोक चिडायचे. गेल्या वर्षी गोष्ट निकरावर आली. मोसमाचा शेवटचा सामना, जिंकला तर क्लब वरच्या लीगमध्ये, नाहीतर नाही. अजिनाथचा करारही तिथेच संपत होता, आणि वर गेलो तरच पुढचं बोलू, असं त्याला तोंडावर सांगितलं होतं. सत्तावीस वर्षांच्या खेळाडूला नवा क्लब सहज मिळत नाही.

आम्ही तिघं गोव्याला गेलो. मनकर्णाबाईंनी स्टेडियम पहिल्यांदाच पाहिलं. त्या म्हणाल्या, गवत आपल्यापेक्षा बरं राखलंय, आणि गहिनीनाथ रुसला.

सामना शून्य-शून्य. सत्तर मिनिटं झाली तेव्हा अजिनाथ चौकटीत शिरला आणि बचाव करणाऱ्याने त्याचा शर्ट असा ओढला की गळ्यापाशी फाटला. अजिनाथ कोलमडला. आमच्या बाजूचं सगळं स्टेडियम ओरडू लागलं, प्रशिक्षकही हात हलवून ओरडत होता. आणि मीही उभा राहून, घशाच्या शिरा ताणून ओरडलो, "पड, अजिनाथ, पड."

तो पडला नाही. सावरला, तोवर गोलकीपरने चेंडू उचलला. लोकांनी त्याला शिव्या घातल्या. मनकर्णाबाईंनी माझा सदरा धरून मला खाली बसवलं. "गप बसा, सर," एवढंच म्हणाल्या. त्याचं काम गेलं, असंच वाटत होतं.

शेवटची दोन मिनिटं राहिली. अजिनाथने डावीकडून पुन्हा मुसंडी मारली. आडवा आलेला पाय आम्हाला वरून नीट दिसला नाही. दिसलं ते एवढंच, की अजिनाथ जमिनीवर आहे. मनकर्णाबाई ताडकन उठल्या. शिट्टी त्यानंतर वाजली.

रेफरी लांब होता, मध्ये चार माणसं होती, त्यालाही काय दिसलं असेल देव जाणे. पण त्याने क्षणभर विचार केला नाही, हात थेट पेनल्टीच्या ठिपक्याकडे. आणि समोरच्या संघाचा एकही खेळाडू वाद घालायला धावला नाही. ज्याने पाय घातला होता तोच गुडघ्यावर बसून स्ट्रेचरसाठी हात हलवत होता. अजिनाथ पालवे पडला म्हणजे त्याला पाडलंय, हे त्या मैदानावर सगळ्यांना ठाऊक होतं. कप्तानाने पेनल्टी मारली, आम्ही जिंकलो, आणि मी म्हातारा माणूस अनोळखी लोकांच्या गळ्यात पडून रडलो. इतका अभिमान मला स्वतःच्या कुठल्याच गोष्टीचा कधी वाटला नव्हता.

घोट्याचं हाड मोडलं होतं. क्लबने दोन वर्षांचा करार हॉस्पिटलात आणून दिला, आणि या मोसमात तो वरच्या लीगमध्ये खेळतोय. सामन्याच्याच संध्याकाळी मी हॉस्पिटलात त्याच्या खाटेपाशी बसलो. चौदा वर्षं जे तोंडातून निघालं नव्हतं ते कसंबसं काढलं. "अजिनाथ, त्या फायनलला मी तुला पड म्हणालो होतो. चुकलं माझं."

प्लास्टरमधला पाय उशीवर नीट ठेवून घेत तो हसला.

"आजबी म्हनालात, सर. खालपतुर ऐकू आलं. या खेपंला मानलं न्हाई, येवढंच."