तळ वर आलेलं माप

राजिवड्यात खाडीकडे उतरणाऱ्या गल्लीत यासीन होडेकरची शेड आहे. तिथे पहिल्यांदा येणारा प्रत्येक माणूस आधी इकडेतिकडे बघतो आणि मग विचारतो,

"साचा कुठाय?"

"नाय."

"मग आकार कसा येतो?"

"येतो. बसा, बघा."

माणूस बसतो. यासीन दोन लोखंडी कड्यांच्या मध्ये प्लॅस्टिकचा पांढरा पत्रा धरतो, बोल्ट आवळतो आणि ते कडं भट्टीत आडवं सरकवतो. भट्टी म्हणजे जुनं लोखंडी कपाट. खाली गॅसचा बर्नर, दाराला काच. बराच वेळ काहीच होत नाही. बघणाऱ्याला वाटतं, आपल्याला उल्लू बनवलं. मग पत्र्याचा दुधाळपणा मधूनच विरायला लागतो, पत्रा काचेसारखा नितळ होतो आणि स्वतःच्याच वजनाने खाली लवतो. त्याला पोट सुटतं. हवं तेवढं सुटलं की यासीन कडं बाहेर ओढून पंख्याखाली ठेवतो. झालं भांडं. होडीतलं पाणी उपसायला, बर्फ भरायला, दिव्यावर झाकण म्हणून, ज्याला जसं हवं तसं.

"तुमच्या पोटाला पण साचा नव्हता ना, यासीनभाय?" असा विनोद दर चार माणसांमागे एक जण करतो. यासीन दर वेळी पहिल्यांदा ऐकल्यासारखा हसतो.

हे काम तो शारजात शिकला. तिथे नावाच्या पाट्या बनवणाऱ्या दुकानात तापलेल्या ॲक्रिलिकमध्ये हवा भरून तो घुमट फुगवायचा. दुकान बंद पडलं तसा घरी आला. सोबत दोन कडी आणली आणि एक वाक्य आणलं. ते वाक्य तो येणाऱ्याजाणाऱ्या सगळ्यांना ऐकवायचा.

"प्लॅस्टिकला ढकलायचा नाय. तापू द्यायचा, त्याचा तो खाली येतो. ढकललात तर तो लक्षात ठेवतो. जरा ऊन लागला की उठतो परत."

गुणवंती त्याच्याकडे माप करायला आली तेव्हाही त्याने हेच ऐकवलं होतं.

गुणवंती सुका जवळा विकते. माहेरची वेळणेश्वराची, पण रत्नागिरीच्या सुक्या बाजारात इतकी वर्षं बसली आहे की तिची जागा रिकामी दिसली तर लोक "आज बाजार नाय?" असं विचारतात. पावसाळ्याची बेगमी करायला लोक वैशाखात येतात तेव्हा जवळा मापाने जातो. माप काठोकाठ भरायचं, हाताने सपाट करायचं, पिशवीत ओतायचं आणि वर एक मूठ टाकायची. ती मूठ गिऱ्हाईकाच्या हक्काची. ती मागावी लागली तर विकणारीचं नाक कापलं.

"ह्या लोखंडाचा पार चाळण झाला," तिने जुनं माप यासीनपुढे आपटलं होतं. "खारा वारा लागतो. तुमच्या पलास्टिकला गंज नाय ना?"

"गंज नाय, काय नाय."

"आजच करून पायजे. उद्या शनवार, बाजार हाय."

"आज? गुणवंतीबाय, मना जुम्म्याच्या नमाजला जायचाय."

"मग जा की. येताना घेऊन या."

यासीनने पत्रा भट्टीत टाकला. पत्रा मध्यावर नुसता कुठे ओला दिसायला लागला होता, तोच ज्योत पिवळी होऊन फडफडली. सिलिंडर संपला. दुसरा नव्हता. पत्रा अर्धा लवून तिथेच अडून बसला. मशिदीतून अजान सुरू झाली.

यासीनने हातमोजा चढवला, मूठ वळली आणि पत्रा खाली दाबला. जोर लावून. पत्रा कुरकुरला, पण बसला. वरून त्याने थंड पाणी ओतलं, म्हणजे हलायला नको.

संध्याकाळी गुणवंतीने जुन्या मापात तांदूळ भरून नव्यात ओतले. कडेला कड लागली. एक दाणा इकडे नाही की तिकडे नाही. मग तिने माप उलटं केलं. तळाला चार उंचवटे होते, ओळीने.

"ही नक्षी कसली?"

"ही? पकड यावी म्हणून."

"मोठे कारागीर हो तुमी," असं म्हणून गुणवंती खूश होऊन गेली.

पुढच्या वैशाखात यासीन मांदेली मासळीच्या वाट्यावर वाकला होता आणि घासाघीस करत होता, तेव्हा मागे आवाज चढला. मारुती मंदिराजवळ खानावळ चालवणारी दर्शना पत्र्याचा डबा कमरेवर घेऊन गुणवंतीच्या पाटीसमोर उभी होती.

"मावशी, हा डबा बघा. दर वर्षी तुमच्या पाच मापांत भरतो. झाकण बसत नाही इतका भरतो. आज हे बघा, माझा अख्खा पंजा आत जातोय!"

माप होतं गुणवंतीच्या सुनेच्या, रुपालीच्या हातात. मुलगा सर्वेश ट्रॉलरवर, म्हणून गेल्या वर्षीपासून सूनच सासूसोबत बसायची. मोजायचं काम तिचं.

"ताई, मी काठोकाठ मोजून दिला. वर मूठ पण टाकली."

"मूठ टाकलीस गं, पण माप कुणी खाल्लं?"

गुणवंतीने सुनेच्या हातातून माप ओढून घेतलं. आत हात घातला, तळ चाचपला, मग डोळ्याजवळ धरून बघितलं. तिचा चेहरा बघता बघता उतरला.

"रुपे, ह्याचा तळ वर आलाय."

"वर? कसा काय वर?"

"ता मना विचारतेस? चुलीवर धरलंस?"

"आये, मी कशाला धरू चुलीवर?"

"आधी बायका मापाच्या बुडाला आतून मेण फासायच्या," पलीकडे सुकी कोळंबी विकणारी सोडेवाली म्हणाली, "आता शेकायला लागल्या. सुधारणा हाय!"

दोघीचौघी हसल्या. दर्शना हसली नाही. "मावशी, मला भांडायचं नाही. पण ह्याच मापाने इतकी माणसं जवळा घेऊन जातात हो," एवढंच ती म्हणाली. ते हसण्यापेक्षा जास्त लागलं.

यासीनला वाटा सोडून तिथे जायची गरजच नव्हती. त्याला तिथूनच दिसत होतं. पांढरं माप उन्हात चमकत होतं आणि तळाचे चार उंचवटे आता जवळजवळ बुजले होते. वर्षभर ते माप तापलेल्या डांबरी रस्त्याशेजारी बसलं होतं. दर दुपारी थोडं थोडं उठत होतं.

रुपालीची नजर गर्दीवरून फिरली, जणू कुणीतरी काहीतरी बोलेल. यासीन मांदेलीकडे बघायला लागला.

"घेताय की नुसता हात लावताय?" मांदेलीवाली म्हणाली.

"नको."

तो रिकामी पिशवी घेऊन घरी आला.

"मासळी?" सईदाने विचारलं.

"चांगली नव्हती."

"अख्ख्या बाजारात?"

यासीनने चपला काढल्या, परत घातल्या, परत काढल्या. सईदा हातातला कांदा खाली ठेवून बसली. मग त्याने सांगितलं. सिलिंडर, मूठ, थंड पाणी, सगळं.

"आणि तुमी तिथे उभे होताव?"

"होतो."

"तोंड?"

"सईदा, माझी भांडी साऱ्या मिरकरवाड्यात हायत. उद्या कोण घेईल माझ्याकडून?"

"आणि त्या पोरीकडून कोण घेईल?" सईदाने कांदा उचलला. "बरा झाला, मासळी आणलीत नाय. घशाखाली गेली नसती."

यासीन नंतर बाजाराकडे फिरकलाच नाही. शेडमध्ये कुणी साचा विचारला तर "नाय" म्हणायचा आणि कामाला लागायचा. "ढकलायचा नाय" हे वाक्य तोंडावर येऊन परत जायचं.

गुणवंतीच एक दिवस आली. शेडमधल्या स्टुलावर टेकली, पदराने मान पुसली.

"नवा माप करून द्या. आणि यासीनभाय, जरा मोठाच करा."

"मोठा?"

"लोकांना जास्त गेला तरी चालेल. पण कुणी परत डबा घेऊन यायला नको. माझ्या समोर गिऱ्हाईक आता माप उलटा करून बघतो. माझ्या!"

"आणि रुपाली?"

"गुव्हागरला. माहेरी धाडली. म्हटला, रहा तिकडे, माझ्या पाटीला हात लावू नको. सर्वेश किनाऱ्याला आला की बघेल तो काय ता." ती पदराने वारा घेत होती. "जाताना रडली पण नाय. त्यावरून समजा."

यासीनने भट्टीचं दार उघडलं, बंद केलं. भट्टी थंडच होती.

"गुणवंतीबाय, तिने काय केला नाय."

"तुमी नका तिची बाजू घेऊ. बाहेरच्याला सून गोडच दिसते."

"मी केला." तो बोलायला लागला आणि थांबता येईना. "त्या दिवशी गॅस संपला. पत्रा पिकलाच नव्हता. मी मुठीने दाबून बसवला. ती नक्षी नाय. माझ्या बोटांच्या गाठी हायत त्या. प्लॅस्टिक कच्चा राहिला की उन्हात उठतो. मना ठाऊक होता."

गुणवंतीने मांडीवरचा पदर सारखा केला. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"कधीपासून ठाऊक?"

"ती दर्शना डबा घेऊन आली, तेव्हा मी मांदेलीजवळ होतो."

"तिथे?"

"तिथेच."

बाहेरून स्कूटर गेली. गुणवंती उठली.

"मी माफी मागतो तुमची. नवा माप देतो, फुकट..."

"माप ठेवा तुमचा तुमच्याजवळ!" आता तिचा आवाज चढला. "माझी माफी काय मागताव? मी सुनेला बाजारात बोलले. चार बायकांसमोर चोर म्हटला. आता घरी जाऊन तिच्या कानात सांगू, यासीनभाय म्हणतात तू चोर नायस? तिचा नाव बाजारात गेला, ता बाजारातच परत येऊ दे. शनवारी या. मी तिला आणते."

"या शनवारी?"

"का, जुम्मा शुक्रवारी असतो ना?"

शनिवारी यासीन निघाला तेव्हा सईदाने त्याला गॅसची छोटी शेगडी पिशवीत घालून दिली. "बोलता आला नाय तर हीच दाखवा," म्हणाली.

बाजार भरला होता. गुणवंतीच्या पाटीमागे रुपाली बसली होती. नवी साडी नव्हे, रोजचीच, आणि मान सरळ. गुणवंतीने माप पाटीवर उलटं ठेवलं होतं. यासीनला काय म्हणायचं ते पाठ होतं. "मंडळी" म्हणाला आणि पुढचं सगळं गेलं.

"काय लिलाव हाय काय?" सोडेवाली म्हणाली.

तो खाली बसला, शेगडी पेटवली आणि माप पक्कडीने धरून ज्योतीवर लांबून फिरवायला लागला. माणसं जमली. दर्शनाही पिशवी घेऊन थांबली. प्लॅस्टिक ओलं दिसायला लागलं, आणि तळ सगळ्यांच्या देखत वर आला. कुणी हात लावला नव्हता. तो उठला, उठत राहिला, जवळजवळ पुन्हा सपाट पत्रा होईपर्यंत.

"अगो बाय! जिवंत हाय काय?"

"आता बघा," यासीन म्हणाला. त्याने हातमोजा चढवला, मूठ वळली आणि गरम पत्रा खाली दाबला. मूठ काढली. उलटं करून दाखवलं. खाली चार उंचवटे होते, ओळीने.

"ही माझी मूठ. गेल्या वर्षी अशीच दाबली. कच्च्या पत्र्यावर, घाईत. तळ उन्हाने वर आला. रुपालीने काय केला नाय. मी केला."

सोडेवाली आपल्या पाटीवरच्या माश्या हाकलायला लागली. दर्शना पुढे झाली, रुपालीसमोर वाकली, "बाई गं, मी डबा घेऊन आले नसते तर..." म्हणाली. रुपाली म्हणाली, "नाय ताई, तुमचा डबा खरा होता."

गर्दी पांगली. बाजाराचं काय, बर्फाची गाडी आली की तो तिकडे वळतो. यासीन शेगडी गार व्हायची वाट बघत पाटीसमोर तसाच बसून होता.

"रुपाली, बेटा..."

"त्या दिवशी तुमी मांदेलीजवळ होताव," ती म्हणाली. तक्रार नव्हती, नुसतं सांगणं होतं. "निळी पिशवी होती हातात. मी तुमच्याकडे बघितला. मना वाटला, यासीनभायना पलास्टिकचा कळतो, ते काय तरी सांगतील."

यासीनच्या मांडीवर तीच निळी पिशवी होती. त्याने ती दुमडली, मग अजून दुमडली.

"काय तरी घेताव ना?" गुणवंतीने विचारलं. पाटीसमोर बसलेल्या माणसाला ती हेच विचारते.

"एक माप. जवळा."

रुपालीने पाटीखालून जुनं लोखंडी माप काढलं. त्याची भोकं तिने आतून कापड लावून बुजवली होती. माप भरलं, हाताने सपाट केलं, पिशवीत ओतलं. तिचा हात पुन्हा जवळ्याच्या ढिगाकडे गेला नाही. तो मांडीवर जाऊन थांबला.

गुणवंतीने सुनेकडे बघितलं.

यासीनने वरची मूठ मागितली नाही. पिशवी उचलली, शेगडी उचलली आणि गल्लीच्या सावलीने राजिवड्याकडे निघाला.