दगडवाले साडू आणि जानीबाईच्या दोऱ्या

आमचे साडू दगड चाटत. वाचणाऱ्याने दचकू नये. आमचे सासरे मात्र चांगलेच दचकले होते. मुलगी बघायला आलेला भूगर्भशास्त्राचा प्राध्यापक पोहे बाजूला ठेवून अंगणातल्या पायरीला जीभ लावतो, हे त्यांना झेपेना. "ओला केला की दगड बोलतो," साडू शांतपणे म्हणाले. मेहुणी हसली, लग्न ठरलं. 'दगडवाले' हे नाव मी ठेवलं. मी जव्हारला टंकलेखनाचे वर्ग चालवायचो. दुसऱ्यांची अक्षरं बडवणं आणि नावं ठेवणं, एवढंच मला येत होतं.

त्यांना एकच प्रश्न छळायचा. सूर्यमाळच्या एकाच डोंगरावर दोन झरे. एक होळीला आटतो, दुसरा मृगापर्यंत तग धरतो. का? उत्तर एकट्या खडकात नाही, असं ते म्हणत. खडक, माती, झाडं, माणसांची पाणी भरायची रीत, सगळं एकत्र अभ्यासायला हवं. पण अनुदानाला अर्ज केला की खडकवाली समिती म्हणे, यात झाडं फार. झाडंवाली म्हणे, यात खडक फार. "साडूबुवा, आपण कुठल्या विभागात येतो हे झऱ्याला तरी ठाऊक असेल का हो?" ते मला विचारत. मी चहा मागवत असे.

त्यांना लागलेलं खरं घबाड म्हणजे जानीबाई, पाड्यावर नाचणी पिकवणारी. झऱ्याच्या डबक्याचा तळ दिसला की ती दोरी घ्यायची आणि पाऊस येईपर्यंत रोज एक गाठ मारायची. दोन झऱ्यांच्या दोन दोऱ्या. तिच्या सासूचीही हीच रीत. घरात आढ्याला असे पंचवीसेक उन्हाळे टांगलेले. साडू त्यांच्याखाली मान वर करून उभे राहिले, देवळात उभं राहावं तसे. "अशी नोंद आमच्या कुठल्याच खात्याकडे नाही," ते पुटपुटले.

"सर, मान दुखंल. खाली बसा," जानीबाई म्हणाली.

मग दोन हजार सालाच्या आसपास एक सरकारी जाहिरात निघाली: अनेक शास्त्रांनी मिळून पृथ्वीविषयी धाडसी संशोधन करावं, मोठं अनुदान मिळेल. साडू महिनाभर झोपलेच नसावेत. अर्ज टाइप करायला माझ्याकडे. सहसंशोधकांच्या यादीत वनस्पतिशास्त्रवाले, मातीवाले, आणि शेवटी जानीबाई; शिक्षण: नाही. तिथं माझी बोटं अडली. एवढ्या थोर यादीत हे शोभेना, म्हणून साडूंच्या भल्यासाठी मी ती ओळ गाळली. शेवटच्या दिवसाची घाई. त्यांनी न वाचता सही केली.

मंजुरी आली. मी पेढे घेऊन धावलो. साडू यादीवरून बोट फिरवत होते.

"जानीबाई कुठाय?"

मी सांगितलं. ते ओरडले असते तर बरं झालं असतं.

"दगड मी चाटले, साडूबुवा. पाणी तिनं मोजलं."

त्याच दुपारी त्यांनी स्वतःच्या हाताने पत्र लिहिलं: एक नाव राहिलं आहे, चूक माझी.

"अहो, हातचं अनुदान जाईल!"

"जाऊ दे."

गेलंच. यादी आता बदलता येत नाही, अपुऱ्या यादीची मंजुरी रद्द, पुढच्या खेपेला पुन्हा अर्ज करा, असं उत्तर आलं. चूक खरी कोणाची, हे त्यांनी मेहुणीलाही कधी सांगितलं नाही. माझ्या बायकोला ते आज, इथंच, कळतंय.

पुढची खेप तीन वर्षांनी आली. तोवर साडू हृदयविकाराने गेले होते. एका सकाळी जानीबाई जीप बदलत बदलत माझ्या वर्गात येऊन उभी. पिशवीतून तिने सहा दोऱ्या काढून टेबलावर ठेवल्या.

"सर गेलं, पन झरं हाय ना. गाठी मी मारतच व्हते. लिवा, मास्तर."

अर्ज वनस्पतिशास्त्रवाल्यांनी केला, टाइप मी केला. सहसंशोधकांत पहिलं नाव तिचं. शिक्षणाच्या रकान्यात लिहिलं: दोऱ्या सोबत जोडल्या आहेत.

या वेळी मंजुरीचं पत्र घेऊन मी सूर्यमाळला गेलो. पाडा गोळा झाला. मी यादी वाचणार, तोच जानीबाईने हात वर केला.

"थांबा मास्तर. सरांचं नाव हाय ना त्यात?"

नव्हतं. गेलेल्या माणसाचं नाव अर्जात चालत नाही. पण नावं गाळायची माझी हौस फिटली होती. मी कागद डोळ्यांसमोर धरला आणि खणखणीत आवाजात वाचलं:

"पहिलं तुमचं, जानीबाई. दुसरं सरांचं."