हिरवं कडं आत गेलं तो दिवस

"तुझी आई गेली, पण तिच्या गाठीतल्या पेशी अजून जगत्यात बघ." आत्या हे म्हणाली तेव्हा मी आठ वर्षांची होते... शहाऐंशी-सत्त्याऐंशी साल असेल.

आई निपाणीत तंबाखूच्या वखारीत कामाला होती. दातांना तंबाखूची मिश्री लावायची सवय... गालात गाठ झाली आणि वर्षभरात ती गेली. धाकटी आत्या बेळगावात एका लॅबमध्ये संशोधन करायची. ऑपरेशनमध्ये काढलेल्या गाठीचा तुकडा तिनं मागून घेतला होता आणि त्यातल्या पेशी ती बाटलीत वाढवत होती.

सुट्टीत ती मला लॅबमध्ये घेऊन गेली. पेशींना चमकणारी अँटिबॉडी चिकटवली होती. अंधाऱ्या खोलीत मायक्रोस्कोपला डोळा लावला, तर प्रत्येक पेशीभोवती बारीक हिरवं कडं... "बर्फात हाय तवर असंच ऱ्हातंय," आत्या म्हणाली आणि कुणीतरी हाक मारली म्हणून बाहेर गेली.

त्याच पेशींची नळी बर्फाच्या डब्यात उभी होती. मला वाटलं, आईला केवढी थंडी वाजत असेल... मी ती उचलून मुठीत घट्ट धरली. आत्या येईपर्यंत, बराच वेळ.

तिनं नळीतला नवा थेंब काचेवर घेतला. आता कडं नव्हतंच. हिरवे ठिपके पेशींच्या आत, खोल गेले होते... जणू कुणी डोळे मिटून घेतले.

"काय केलीस गं? ऊब दिलीस व्हय?"

मग तिनं समजावलं. अँटिबॉडी पेशीच्या अंगावरची प्रथिनं धरते, गोळा करते. ऊब मिळाली की पेशी ती प्रथिनं अँटिबॉडीसकट गिळून टाकते.

मी विचारलं, "म्हणजे आईनं मला ओळखलं?"

"येडे, आई न्हाय ती. आईला खाल्लेली गाठ हाय."

माझा हात कितीतरी वेळ गार पडला होता... मी ऊब कुणाला दिली होती?

परवा बेळगावातल्या अनगोळहून आत्याचा फोन आला. लॅब नव्या इमारतीत चाललीय. गोठवलेली एकच कुपी उरलीय आणि रिटायर होऊनही आत्या ती कुपी तिकडे नेण्यासाठी धावपळ करतेय. मी म्हटलं, राहू दे ना आता. तर ती एकदम रडवेली झाली, "वैनीला टाकू कसं गं?"

आत्या, तू हे वाचशील. वहिनीवर तुझा केवढा जीव होता, ते मला ठाऊक आहे. पण ती कुपी नेऊ नकोस... संपू दे तिला. तू ऐकायची नाहीस, तरी एकदा मागून बघते.